सरळ पंखांच्या माश्या

सिद्धम्मानं जन्मभर बियाणं निवडलं. उदगीरकडच्या शेतात भरगच्च कणसं वेगळी काढायची, वाकडीतिकडी जनावरांपुढं टाकायची. तिच्या हातचं बियाणं मागायला चार गावचे लोक यायचे, बरं का! ही बाई नवरा वारल्यावर लातूरच्या एका कॉलेजात लागली, ती माश्यांना मक्याच्या पिठाची नि गुळाची खीर शिजवून घालायला. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, त्याच चिमुकल्या माश्या. माझी नात मनस्विनी त्यांच्यावर संशोधन करते. मी मुरुडचा सातवी पास माणूस. माशीला पगारी स्वयंपाकीण लागते, हेच मला आधी पटेना.

मनस्विनी पंधरा दिवस परगावी होती. माश्या नव्या बाटल्यांत हलवायचं काम सिद्धम्मावर. नात परतली त्या दिवशी मी डबा घेऊन गेलो, तर सिद्धम्मा तिच्यापुढं हात जोडून उभी.

"मावशी, अंडी ढीगभर, अळी एकही नाही. खिरीत काय घातलं?"

"नेहमीचंच की, म्याडम. कामावरून काढू नका. पोरगी शिकायलीय माझी."

मनस्विनीनं आधी संगणकावर चांगल्या अंड्याची फिल्म लावली. अरे बाप रे! हजारो केंद्रकं एकाच खोलीत, मधे भिंत म्हणून नाही. मग तासाभरात सगळ्यांमधून एकदम पडदे खाली उतरले. ज्याची त्याची खोली, म्हणजे पेशी! आमच्या गावात शाळेची एक खोली बांधायला चार वर्षं लागली होती. नंतर तिनं आपल्या बाटलीतलं अंडं दाखवलं. पडदे अर्धवट, एका खोलीत तीन-तीन केंद्रकं, सगळा गोंधळ.

"खिरीचा दोष नाही हा. पडद्याचा जीन बिघडलेल्या आयांची अंडी आहेत. पण वाकड्या पंखांच्या माश्या कुठं गेल्या?"

"त्या व्हय? वेचून काढल्या की! सरळ पंखाच्या, देखण्या तेवढ्या ठेवल्या बियाण्याला."

मनस्विनी एकेक बाटली उचलून पंख बघू लागली. वाकडा पंख ही खूण होती, की या माशीकडं त्या जीनची एक तरी धड प्रत आहे. सरळ पंखवालीच्या दोन्ही बिघडलेल्या.

"मग ती स्वतः जगली कशी?" मी विचारलं.

"आबा, तिच्या आईकडं धड प्रत होती, तिनं अंड्यात पडद्यांच्या सामानाची शिदोरी बांधून दिली होती. हिच्याकडं लेकरांना द्यायला तीच नाही."

एवढी देखणी माशी, आणि पोटच्या अंड्यात एक भिंत धड उभी राहू नये! माझा आ वासलेलाच राहिला.

"तीन वर्षं जपलेलं वाण," मनस्विनी म्हणाली. "वाकड्या मारल्या ना, मावशी?"

"मारू कशाला? वाकडी हाय म्हणून तिला जीव न्हाई का?"

सिद्धम्मानं ओट्याखालून एक बाटली काढली. आत वाकड्या पंखांच्या माश्या, आणि काचेवर वळवळत चढणाऱ्या अळ्याच अळ्या.

मनस्विनीनं बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"मग मी... उद्या येऊ का नको?" सिद्धम्मानं भीतभीत विचारलं.

"या की! आणि खीर जरा जास्तीची टाका."