हौसेरावांवाचून टीम अडते

हौसेराव खाडी साफ करणाऱ्या टीममध्ये शिरले ते पर्यावरणाच्या प्रेमापोटी, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यांना माणसं हवी होती. खाडी मधे आली एवढंच.

जन्म साताऱ्याकडचा, आणि हयात गेली वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात गोण्या वाहण्यात. माथाडी गडी. राहायला घणसोली गावात एका आगऱ्याच्या घरातली वरची खोली, आणि त्या एका खोलीत एकाच खोऱ्यातली दहा-बारा माणसं. काही रात्रपाळीची, काही दिवसपाळीची, त्यामुळे अंथरूण कधी गार पडायचं नाही. एकट्यानं रडायचं म्हटलं तरी तिथं जागा नव्हती. पुढं टोळी पांगली. कुणाच्या पोरानं करंजाड्याला फ्लॅट घेतला, कुणी गावी गेलं, दोघं वारले. वय झालं म्हणून हौसेराव कामावरून उतरले तेव्हा भिंतीला सगळ्यांच्या खुंट्या तशाच होत्या आणि शर्ट एकच होता.

गावी गेले नाहीत असं नाही. गेले. बायको राहीबाई, मुलगा धनाजी, सून, नातवंडं, असं भरलं घर. पण नव्याचे नऊ दिवस. गणपतीला आणि जत्रेला चार दिवस येणारा माणूस कायमचा आला की त्याला बसवायचं कुठं, हेच त्या घराला कळेना. हौसेराव पुढच्या सोप्यात आले की सून आत जायची, धनाजी बोलता बोलता गप्प व्हायचा, आणि राहीबाई शेळ्या घेऊन सकाळी ज्या डोंगराकडं निघायच्या त्या उन्हं कलल्यावरच यायच्या. चहात साखर किती घालू, हेही राहीबाईंना विचारावं लागलं. त्यांनी विचारलं ते साध्याच आवाजात, पण हौसेरावांच्या मनाला ते लागलं. थोड्याच दिवसांत ‘बाजारात जरा काम राहिलंय’ असं सांगून ते परत घणसोलीला आले. बाजारात त्यांचं काहीही राहिलं नव्हतं.

अशात एका रविवारी पाय मोकळे करायला ते खाडीच्या बंधाऱ्यावर गेले, तर खाली तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, चिखलात पोरापोरींचा घोळका. तिवरांच्या मुळांत अडकलेलं प्लास्टिक, थर्माकोल, जुने कपडे, फुटक्या काचांचे देवाचे फोटो, सगळं ओढून काढत होते आणि गोण्यांत भरत होते. त्यांची पुढारी योगिनी, गावठाणातलीच मुलगी, बँकेत नोकरीला. तिनं वर बघितलं आणि हाक मारली, “काका, नुसतं बघता काय? या ना खाली. ग्लोव्हज आहेत एक्स्ट्रा.”

‘या ना’ हे शब्द हौसेरावांनी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. ते उतरले.

त्या दिवसापासून शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर योगिनीचा मेसेज पडायचा, उद्या ओहोटी कधी आणि जमायचं कुठं. त्यावर सगळ्यांत आधी उत्तर यायचं हौसेरावांचं. ‘येतो.’ एवढंच लिहायला त्यांना बराच वेळ लागायचा, तरी पहिला नंबर त्यांचाच.

आता कामाची पद्धत सांगायला हवी, कारण घोटाळा तिथंच झाला. भरलेली गोणी चिखलातून रस्त्यापर्यंत न्यायची तर टीम साखळी करायची. सगळे ओळीनं गुडघाभर गाळात उभे राहायचे, डावीकडून गोणी घ्यायची, उजवीकडं द्यायची. कुणाच्या कमरेवर भार नाही आणि काम झटपट. पण हौसेरावांच्या अंगात भिनलेला कायदा वेगळा. माथाड्याच्या पाठीवर गोणी चढली की ती ठिकाणावरच उतरायची. मधेच दुसऱ्याच्या हातात देणारा तो अंगचोर, त्याच्याशी टोळीत कुणी नीट बोलत नसे. तेव्हा हौसेराव दोघा पोरांना हाक मारून गोणी पाठीवर घ्यायचे आणि साखळीच्या कडेकडेनं, रुतणारा पाय उपसत, थेट रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत न्यायचे.

“काका, लाइनमध्ये उभे राहा ना. एकट्यानं कशाला? कंबर जाईल उगाच,” योगिनी म्हणायची.

“पोरी, आक्खी ट्रक रिकामी केलीया ह्या पाठीनं. तू नको काळजी करू.”

पहिल्या रविवारी पोरांनी टाळ्या वाजवल्या, एकानं व्हिडिओ काढला. हौसेरावांची छाती फुगली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं झालं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

आणि गंमत अशी की सगळ्या गप्पा साखळीत व्हायच्या. हात गोण्यांत आणि तोंडं मोकळी. कुणाचा इंटरव्ह्यू बोंबलला, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या आईनं काय डबा दिलाय, सानपाड्याची ती दिशा नावाची पोरगी कुणावर चिडलीय, सगळं तिथं उभ्याउभ्या कळायचं. पाठीवर ओझं घेऊन कडेनं जाणाऱ्या हौसेरावांना प्रत्येकाचं अर्धं वाक्य ऐकू यायचं. टेम्पोत गोणी टाकून परत येईपर्यंत विषय बदललेला असायचा. काम संपल्यावर वडापाव आणि चहा. तिथंही मंडळी साखळीत शेजारी असलेल्याशीच बोलत बसायची, आणि हौसेराव टेम्पोला टेकून चहा प्यायचे. पोरं वाईट नव्हती. ‘काका एक नंबर’ म्हणायची, पाया पडायचीसुद्धा. पण काका राहतात कुठं, घरी कोण असतं, जेवायचं काय करतात, हे कुणी विचारलं नाही. माणसं जोडायला गेलेला माणूस गोण्या वाहून घरी येत होता, आणि चूक कुठं होतेय ते त्याला उमगत नव्हतं.

राहीबाईंना मात्र दर रविवारी रात्रीच्या फोनवर वेगळंच ऐकायला मिळायचं. “माज्याबिगर टीमचं पान हलत न्हाई,” हौसेराव सांगायचे. “ती पोरगी म्हनती, काका न्हाईत तर आमी काय करनार?” राहीबाई ‘बरं’ म्हणायच्या. कधी येताय, असं विचारलं की ते टीमचं कारण पुढं करायचे. सांगता सांगता त्यांचं त्यांनाही ते खरं वाटायला लागलं.

एकदा राहीबाई म्हणाल्या, “एकांद्या रविवारी न्हाई गेलासा, तर काय व्हईल?”

झालं. तो प्रश्न डोक्यात शिरला तो निघेना. काय होईल? योगिनी फोन करील. काका, बरं नाही का, म्हणून विचारील. कदाचित दोघं-तिघं खोलीवरच येतील. त्या नुसत्या कल्पनेनं त्यांनी खोली झाडली आणि साखर आणून ठेवली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

त्या शनिवारी मेसेज पडला आणि हौसेरावांनी ‘येतो’ लिहिलं नाही. बाकीच्यांचे अंगठे एकेक करून येताना बघत राहिले.

रविवारी सकाळी अंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला, गमबूट दाराशी ठेवले. फोन आला की लगेच निघता यावं म्हणून. फोन पुरता चार्ज केलेला, आवाज मोठा केलेला. मग खाटेवर बसले. ओहोटी लागायची वेळ झाली. आता पोरं उतरली असतील, आता माणसं मोजत असतील. फोन गप्प. आता पहिली गोणी भरली असेल, आता पाठ द्यायला कुणी नाही म्हणून इकडंतिकडं बघत असतील. फोन गप्पच. एकदा त्यांनी तो बंद तर पडला नाही ना, म्हणून बाजारातल्या जुन्या मुकादमाला उगाच मिसकॉल दिला. फोन चालू होता.

दुपारच्या सुमारास ग्रुपवर फोटो आले. गोण्यांचा ढीग, चिखलानं माखलेले चेहरे, आणि रस्त्यापर्यंत गेलेली ती साखळी. खाली योगिनीनं लिहिलं होतं, ‘आज फुल टीम! सगळे हजर! लव्ह यू ऑल.’

हौसेरावांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि साखळीत आपली जागा कुठं रिकामी दिसते ते शोधू लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. रिकामी जागा नव्हती. असणार कशी? त्या ओळीत ते कधी उभेच राहिले नव्हते. त्यांना एकदम फार एकटं वाटलं. रिकाम्या खोलीतही आजवर इतकं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. त्यांनी नाव न बघताच उचलला.

“हॅलो, योगिनी?”

“मी हाय,” राहीबाई म्हणाल्या. “म्हटलं बगावं, गेलासा का न्हाई. कुठं हाईसा?”

“कुठं म्हंजे? खाडीवर. पोरं गोन्या भरत्यात. लई काम हाय आज.”

शेजारच्या खोलीत कुकरनं लांबलचक शिट्टी दिली. मागोमाग दुसरी.

“खाडीवर कुणी भात लावलाय व्हय?” राहीबाईंनी विचारलं.

एरवी हौसेरावांना चार थापा सुचल्या असत्या. आज एकही सुचली नाही. “न्हाई गेलो,” ते म्हणाले.

“बरं न्हाई का?”

“बरा हाय. बगत हुतो, कोन फोन करतंय का.”

“केला का कुनी?”

“न्हाई.”

राहीबाई हसतील, नाहीतर ‘या आता घरी’ म्हणतील, असं त्यांना वाटलं. पण त्या म्हणाल्या, “मी बी बसायची आशीच. फोन नव्हता तवा रस्त्याकडं बगत. फोन आल्यावं फोनकडं बगत. तुमच्याभवती टोळी हुती. तुमास्नी न्हाई कळायचं.”

आवाजात राग नव्हता. यंदा पाऊस कमी झाला, असं सांगावं तसं त्या बोलल्या. हौसेरावांनी आठवून बघितलं, त्या सगळ्या वर्षांत ही बाई दिवसभर काय करायची, कुणाशी बोलायची, आजारी पडली तर तिला पाणी कोण द्यायचं. त्यांना काही आठवेना. विसरले नव्हते, त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

“ठिवते,” राहीबाई म्हणाल्या. “शेरडं पान्यावर न्यायची हाईती.”

“ठिवू नगं.”

“मग काय करू?”

“बोल कायतरी.”

“काय बोलू?”

हौसेराव विचारात पडले. बायकोशी काय बोलायचं असतं ते त्यांना पटकन सुचेना. शेवटी त्यांनी विचारलं, “ती काळी शेरडी व्याली का?”

“ती इकली की. दोन सालं झाली.”

“मग आता कंच्या कंच्या हाईत?”

पलीकडं राहीबाई खाली बसल्याचा आवाज आला, आणि त्या एकेकीचं नाव घेऊन, ही कुठून आणली, ती कशी खोडसाळ, तिसरी कुणाच्या पोटची, असं सावकाश सांगू लागल्या. हौसेराव कान देऊन ऐकत राहिले. त्यातली एकही त्यांच्या ओळखीची नव्हती.