‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्या बाई

आमच्या भागात ‘मला ठाऊक नाही’ असं कुणी म्हणत नाही. यवतच्या चौकात उभं राहून कुणालाही रस्ता विचारा. माहीत नसलेला माणूससुद्धा हात लांब करून कुठलीतरी दिशा दाखवणारच. डोकं दुखतंय म्हणा, चार जण चार औषधं सांगतील. अशा मुलखात केडगावला दर मंगळवारी एक बाई यायच्या आणि अडल्यानडल्या माणसाच्या तोंडावर, अजिबात न लाजता सांगायच्या, “ते मला ठाऊक नाही.” आणि माणसं ते ऐकायला लांबून लांबून यायची!

एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे पत्र्याची खोली होती, तिथं त्या बसायच्या. दारावर ‘समुपदेशन’ अशी पाटी होती, पण तो शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही. सगळे ‘बोलायच्या मॅडम’ म्हणायचे. मी आपला बाई म्हणायचो, शाळेतल्यासारखं. पन्नाशी ओलांडलेली, सुती साडीतली, दौंडहून रेल्वेनं येणारी बाई. आल्या आल्या चहा मागवायच्या, मग बोलण्याच्या नादात तो विसरायच्या आणि शेवटी गारढोण झालेला कप औषधासारखा एका घोटात संपवायच्या. मी एकदा म्हणालो, “बाई, दुसरा सांगू का गरम?” तर म्हणाल्या, “नको, मला गारच आवडतो आता. सवय झाली.”

मी तिथं पोचलो तो आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा मी रांगत होतो. आप्पांनीच मला वाढवलं. मेंढरं विकून राहू गावात जमीन धरली, ऊस लावला, घर उभं केलं, सगळं त्यांनीच. माझी शाळा त्यांनी ठरवली, ती कधी सोडायची तेही त्यांनीच ठरवलं. बायको त्यांनी पाहिली. मी तिला नीट पाहिलं ते अंगाला हळद लागल्यावर. माझ्या शर्टाचं कापड आप्पाच फाडून आणायचे. यात जुलूम वगैरे काही नव्हता हो. उलट ऐष होती! चाळिशी उलटली तरी घरीदारी मी ‘बाळू’च होतो, आणि बाळूला डोक्याला ताप नव्हता.

असे आप्पा एका सकाळी गोठ्यात कोसळले आणि गेले. माणसं जमली. कुणीतरी मला म्हणालं, “बाळू, बांबू कुठनं आणायचे?” आणि मी आत वळलो. आप्पांना विचारायला. ते जिथं झाकून ठेवले होते तिथवर गेलो, तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिलो.

त्यानंतर मला काहीच ठरवता येईना. ऊस तुटून गेला, रान मोकळं झालं आणि मोकळंच राहिलं. आज नांगरू, उद्या नांगरू. बायको विचारायची, वहिनी विचारायची, चुलत भाऊ तर रोज एक नवं पीक सुचवायचा. शेवटी बिरोबाला कौल लावला. उजवं फूल पडलं तर ऊस, डावं पडलं तर कांदा. तासभर बसलो, दोन्ही फुलं देवाला चिकटून राहिली. पुजारी म्हणाला, “बाळू, द्येव बी इचारात पडलाय.” सगळे हसले. मी घरी येऊन निजलो तो उठेचना. जेवण तुटलं. तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “तुझ्या अंगात काही नाही. मागच्या खोलीत जाऊन बस.”

पहिल्याच दिवशी बाईंनी पूर्ण नाव विचारलं आणि तेव्हापासून मला बाळासाहेब म्हणायला लागल्या. मी दर वेळी मागं वळून बघायचो, कोण आलं म्हणून! मी त्यांच्यापुढं सगळं मांडलं आणि म्हणालो, “तर आता सांगा, काय लावू?”

“ते मला ठाऊक नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला काय आवडतं?”

आवडतं? शेतकऱ्याला कुणी असं विचारतं का? मी म्हणालो, “ज्याला भाव हाय ते आवडतं.” त्या काही बोलल्या नाहीत. बाईंचं गप्प बसणं भयंकर होतं. आपल्याकडं माणसं गप्प बसली की समजावं, भांडण आहे. बाई मात्र गप्प बसून अशा काही मायेनं बघायच्या की आपल्यालाच आतून काहीबाही वर यायला लागायचं. बांबूची गोष्ट मी त्या शांततेतच सांगितली. तोवर बायकोलाही सांगितली नव्हती. ढसाढसा रडलो. बाईंनी “रडू नका” म्हटलं नाही, पाण्याचा पेला पुढं केला नाही. नुसत्या बरोबर बसून राहिल्या.

एकदा मी असाच काहीतरी सांगत होतो आणि बाहेरून धनगरांचा मेंढरांचा वाडा चालला. घोड्यावर कोकरं, मागं कुत्री, पुढं सगळा रस्ता भरून मेंढरं. ती पार लांब जाईपर्यंत मी खिडकीकडं बघत राहिलो. बाईंनी हळूच विचारलं, “बाळासाहेब, आत्ता कुठं गेला होतात?”

मी ओशाळलो. “कुठं न्हाई. मेंढरं बघत हुतो.”

“तुमचा चेहरा इतका उजळलेला मी आजवर पाहिला नव्हता,” त्या म्हणाल्या. “मलाच बरं वाटलं बघून.”

तेव्हा कळलं, मला मेंढरं हवी होती. लहानपणापासून हवी होती. आप्पांनी विकली त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. पण हे बोलायचं कुणापुढं? आमच्या धनगरांत जमीन धरली म्हणजे माणूस वर आला. मेंढरं परत घेणं म्हणजे चढलेली पायरी उतरणं. मी उतावीळ होऊन विचारलं, “मग घेऊ का, बाई? तुमी व्हय म्हणा, उद्या घेतो.”

“मी हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही.”

माझं डोकंच सटकलं. “मग मी हितं येतो तरी कशाला? सल्ला द्यायचा न्हाई तर पाटी लावली कशाला?”

बाई जराही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही मला आप्पांच्या जागी बसवताय. मला त्याचं ओझं होतं, आणि तिथं बसले की तुम्ही मला दिसेनासे होता. मला बाळासाहेबांशी बोलायचं आहे.”

मी उठलो आणि चालता झालो. बाईला काय कळतंय, म्हणून पुढचे किती तरी मंगळवार तिकडं फिरकलो नाही. पण त्यांचे शब्द काही पाठ सोडेनात. मग एके दिवशी कुणाला न विचारता बाजारात गेलो आणि मेंढ्या घेऊन आलो. घरात आग्यामोहोळ उठलं. वहिनी दारातच बसल्या. “आप्पा असते तर—”

“आप्पा न्हाईत, वहिनी,” मी म्हणालो. ते मीच बोललो यावर माझाच विश्वास बसेना. वहिनी रडल्या, मीही रडलो. आप्पा गेल्यापासून आम्ही दोघं असे एकत्र रडलोच नव्हतो.

मंगळवारी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. मी म्हणालो, “म्हंजी बरोबर केलं ना मी?” तशा त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की चष्मा काढून पुसावा लागला.

त्या पावसाळ्यात रोग आला आणि निम्म्या मेंढ्या दगावल्या. चुलत भाऊ म्हणाला, “भोग आता.” मी बाईंकडं जाऊन म्हणालो, ऊस लावला असता तर हे झालं नसतं. त्या म्हणाल्या, “नसतं झालं. फार वाईट झालं, बाळासाहेब. पण हे दुःख तुमच्या स्वतःच्या निर्णयाचं आहे, आप्पांच्या नाही.” वरवर पाहता यात काय दिलासा होता? पण मला होता. मी परत आलो, उरलेल्या जगवल्या. आता रानात थोडा ऊस आहे, बाकी घासचारा आहे, आणि मेंढरं हाकायला मी आहे.

बाई आता केडगावला येत नाहीत. खोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान झालंय. ज्या माणसानं मला एवढं आरपार पाहिलं, त्याचं घर मी कधी पाहिलं नाही. त्यांना मुलंबाळं किती, हेही मला माहीत नाही. घरी जेवायला बोलवावं, वहिनींच्या हातची भाकरी खायला घालावी, असं फार वाटायचं. अजून वाटतं. मंगळवार उजाडला की आंघोळ करून धुतलेला शर्ट घालावासा वाटतो. फार आठवण येते. पण तो शेवटचा मंगळवार सांगायचा राहिलाच.

कधी थांबायचं ते तुम्ही सांगा, असं बाई केव्हाच म्हणाल्या होत्या. मी मुद्दाम विषय टाळायचो. झोप चांगली लागत होती, घर चालत होतं, आणि तरी मी काहीतरी दुखणं उकरून न्यायचो, नुसतं त्यांच्याजवळ बसायला मिळावं म्हणून. हे मला कळत होतं. त्या दिवशी वेळ संपत आली तेव्हा म्हणालो, “बाई, हितनं पुढं मी येणार न्हाई.”

“काही झालं का?”

“न्हाई. कायबी झालं न्हाई. यायला तर लई आवडंल. पर आता गरज न्हाई.”

बाई म्हणाल्या, “मला तुमची आठवण येईल.”

असं आपल्याकडं कुणी तोंडावर बोलतं का? आप्पांनी माझ्यासाठी सगळं केलं, पण हे कधी म्हणाले नाहीत. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी अर्ध्यातच माझे दोन्ही हात धरले, आणि आम्ही तसेच उभे राहिलो.

बाहेर आलो. माझ्या मोटारसायकलपर्यंत पोचलो. स्टेशनच्या रस्त्याला, भर दुपारी, गाडीच्या सीटवर डोकं टेकून मी पोरासारखा रडायला लागलो. शेजारचा पानवाला टपरीतून उतरून आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पाव्हणं, काय झालं? कुणी गेलं का?”

“न्हाई,” मी म्हणालो. “मीच निघून आलो.”