व्हय का न्हाय

इतकी वर्षं झाली, पण तो परीक्षक आठवला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बारामतीच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रंगीत मॉनिटर एकच, बाकी सगळे हिरव्या अक्षरांचे. बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत रंगांचा प्रोग्राम लिहिला, तर तो रंगीतवर झकास चालायचा आणि हिरव्यावर 'इल्लीगल फंक्शन कॉल' म्हणून आडवा पडायचा. परीक्षा होती इंदापूरच्या सेंटरला. तिथं कुठला डबा वाट्याला येणार, देव जाणे! क्लासचे सर म्हणाले होते, "पास हो, लगेच इथं शिकवायला ठेवतो." कन्हेरीतल्या आमच्या घरात तोवर पगाराची नोकरी कुणीच केली नव्हती.

म्हणून मी डोकं लावलं. माझा प्रोग्राम सुरू झाला की आधीच विचारायचा: 'स्क्रीन रंगीत हाय का? व्हय किंवा न्हाय लिवा.' 'न्हाय' आलं की रंगांच्या ओळी सोडून थेट साध्या अक्षरांवर जायचा. लिपी इंग्रजी, पण शब्द आमच्या घरचे.

इंदापूरला हिरवाच मॉनिटर आला. मनात म्हटलं, ये बेट्या! परीक्षक खुर्चीत बसले, प्रश्न वाचला आणि टाइप केलं, 'नाही'. माझ्या प्रोग्रामला 'नाही' कुठलं ठाऊक? तो रंगांकडे गेला आणि पडला आडवा.

"सर, न्हाय टाका की. समोर लिहिलंय!"

"हे काय मराठी आहे? आधी शुद्ध बोलायला शिका, मग कॉम्प्युटर."

मी स्वतः पुढं होऊन 'न्हाय' टाइप केलं. स्वच्छ, ठळक अक्षरं उमटली. पण त्यांनी नापासाचा शेरा मारलासुद्धा होता.

"अहो, परीक्षा बेसिकची आहे का व्याकरणाची?" मी तिथंच विचारलं. तर मलाच उद्धट म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा! आता मोबाइलला 'व्हय' म्हटलं तरी कळतं. त्या शहाण्याला डोळ्यांपुढं लिहिलेलं कळलं नाही.

बाहेर माझे वडील, आबा, पेढ्यांचा पुडा घेऊनच उभे होते.

"काय गं, झालीस का पास?"

"नाही," मी म्हणाले.

आबांनी पुडा काखेत मारला. मग हळूच म्हणाले, "आसं का बोलतीस गं पोरी, परक्यावानी?"