शेवटचा तागा

"हाऊ शे का तुमना पक्का रंग?"

बायकोने माझे चार बनियन माझ्यासमोर धरले. चारही गुलाबी!

रविवारची सकाळ, सुरतच्या गोडादऱ्यातली आमची खोली, आणि मी चहाचा कप हातात धरून गार. आदल्या दिवशी मिलमधून उशीच्या खोळीसाठी गुलाबी साडीचा कटपीस आणला होता. बायकोने तो इतर कपड्यांबरोबर बादलीत टाकला. हसू आलं आणि लगेच मावळलं. कारण तो कटपीस ज्या मालातला, त्या मालावर 'रंग पक्का' अशी सही माझीच होती.

ही १९९६-९७ची गोष्ट. कडोदऱ्याजवळच्या एका साडी छापणाऱ्या मिलमध्ये मी लॅबमध्ये टेस्टिंगला होतो. छापलेल्या कापडाला मशीनमध्ये वाफ देतात. वाफ नीट लागली की रंग धाग्यात शिरतो. कमी पडली की वरवर बसतो आणि धुतल्यावर सुटतो. मी मालाच्या पहिल्या आणि शेवटच्या ताग्यातून तुकडा कापायचा, पांढऱ्या कपड्याबरोबर गरम साबणाच्या पाण्यात खळखळवायचा. पांढरा पांढराच राहिला तर सही.

शनिवारी मी फक्त पहिला तागा तपासला. शेवटचा तागा पार गोडाऊनच्या टोकाला. न जाताच सही ठोकली. आळस, दुसरं काय! वाफ देताना मधेच बॉयलरचं प्रेशर पडलं असणार.

सोमवारी माल नागपूरला निघणार होता. त्याच आठवड्यात शेठजी मला लॅब इन-चार्ज करणार होते. बायकोने तर ही बातमी माहेरी जळगावला कळवूनही टाकली होती.

"आता?" तिने विचारलं.

"सांगितलं तर इन-चार्ज विसरायचं. कदाचित नोकरीही."

तिने बनियन पिळले. "सांगी द्या. नहीतं नागपूरन्या बाया आपलेच शिव्या देतीन."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सोमवारी मॅनेजर जशुभाई गेटवरच भेटले. "पाटीलभाई, गाडी भराय छे!"

"थांबवा. अर्धा माल कच्चा आहे."

त्यांनी रिपोर्ट काढला. "सही तो तमारी ज छे ने?"

"माझीच. शेवटचा तागा न बघता केली."

"तो चूप रहो ने यार! साडी धुऊन कोण सुरतला भांडायला येतं?"

खरं होतं त्यांचं. कुणीच आलं नसतं. तरी म्हणालो, "मग मी सही खोडतो. माझ्या नावाशिवाय पाठवा."

जशुभाईंनी कपाळावर हात मारला आणि मला शेठजींपुढे उभं केलं. मी पिशवीतून एक बनियन काढून टेबलावर ठेवला.

"आ शुं छे?"

"माझा बनियन, शेठ. घरी झालेली टेस्ट."

शेठजी इतके हसले की चष्मा काढावा लागला. चष्मा पुन्हा चढवला आणि मग सुरू झाले. सुरती माणसाच्या शिव्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. माझ्या सात पिढ्या त्यांनी धुऊन वाळत घातल्या. शेवटी फोन माझ्यापुढे सरकवला. "नागपूरवाळा साथे तू ज बोल."

बोललो. व्यापारी भडकला, पण दोन दिवस थांबायला तयार झाला. माल पुन्हा वाफेतून काढला, धुतला. मी पहिला, मधला, शेवटचा, तिन्ही तागे तपासले आणि मगच सही केली. बुधवारी गाडी निघाली तेव्हा फार हलकं वाटलं.

नोकरी राहिली. इन-चार्ज मात्र दुसरा झाला. माझी पाळी यायला आणखी वर्ष लागलं.

पुढे माझ्या हाताखाली नवे टेस्टर आले. खरं बोललं की सगळं गोड होतं, असं मी त्यांना कधी सांगितलं नाही. एवढंच सांगायचो, की शेवटच्या ताग्यापर्यंत चालत जायला पाच मिनिटं लागतात. शेठजींच्या केबिनपर्यंत जायला मला अख्खा एक दिवस आणि एक रात्र लागली होती.