तोंड फिरवा

आमचे हे कुलुपं उघडतात. चोर नाहीत, दुकान आहे. किल्ली घरात राहून कुणाचं दार लागलं की यांना बोलावणं येतं, आणि कुलपाला हात घालण्याआधी हे बजावतात, "तोंड फिरवा." गिऱ्हाईक असो नाहीतर मी, सगळ्यांनी मुकाट भिंतीकडे बघायचं. हात दिसला की धंदा बसला, असं यांचं म्हणणं. इतकी वर्षं संसार केला, पण यांचे तारेचे आकडे कुलपात कसे फिरतात ते मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी पाहिलं ते फोनवर, साऱ्या जगाबरोबर.

लेकीने दुकानाची वेबसाइट काढली होती आणि तिला काळं कुत्रं विचारत नव्हतं. "बाबा, एक व्हिडिओ फिरला ना, की लोक आपणहून येतील," असं तिचं टुमणं चालू होतं. तेवढ्यात बाईंचं लॅच लागलं. बाई म्हणजे लेकीच्या शाळेतल्या बाई. आता दुकानाजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. लेकीने जिन्यात स्टँडवर फोन उभा केला. हे म्हणाले, "तोंड फिरवा." बाई फिरल्या, लेक फिरली. फोन कोण फिरवणार?

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. हे दिवसभर तोच बघत बसले. "हात बघ माझा! मला न उघडणारं कुलूप अजून जन्माला यायचंय." मीही फुशारले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक दुकानात कॉमेंट वाचून दाखवत होती. "वा काका." "जादू आहे हातात." "हे दार कुठलं?" त्याखाली कुणा शहाण्याने सगळं लिहिलं होतं. गल्ली, इमारत, मजला. "बाई एकट्याच असतात, फार गोड आहेत."

लेकीने फोन यांच्यापुढे धरला. यांचा चेहरा पांढराफटक.

"काढ तो," हे म्हणाले.

"काढते. पण बाबा, आता तो लोकांच्या फोनमध्ये गेलाय."

"अक्कल गहाण टाकली होतीस का?" मी तिच्यावर ओरडले. खरं तर मला स्वतःचाच राग आला होता. तो व्हिडिओ अख्ख्या माहेरी मीच पाठवला होता.

बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. यांनी खालच्या खणात हात घातला, चिंध्यांखालून एक लॅच काढलं आणि चपला न घालताच निघाले. मी मागे धावले.

बाईंचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याबाहेर कुणा पुरुषाचे मोठे बूट. यांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर मुठीत आवळला आणि हाक मारली, "बाई!"

"या या, आत या!"

बाई खुर्चीत बसल्या होत्या. समोर एक अनोळखी माणूस चहा पीत होता.

"व्हिडिओ बघून आलेत हो. सकाळपासून कोणी ना कोणी येतंय माझं दार बघायला. किती वेळा उठू? म्हणून उघडंच ठेवलं. फोन? तो आत चार्जिंगला आहे."

त्या माणसाने यांच्याकडे पाहिलं, यांच्या हातातल्या लॅचकडे पाहिलं. कप तसाच ठेवला, बूट घातले आणि गेला. तो कोण होता, कशाला आला होता, आम्हाला कधीच कळलं नाही. असेल भला. मला मात्र वाटत नाही.

यांनी दाराचं जुनं लॅच काढायला घेतलं.

"अहो, चांगलं होतं की ते," बाई म्हणाल्या.

"हे नवं मला उघडत नाही, बाई," हे मान खाली घालून म्हणाले. "खूप झटलो. हरलो. म्हणून हेच आणलं."

यांच्या तोंडून असलं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

लॅच बसलं. यांनी सगळ्या किल्ल्या बाईंच्या हातात दिल्या. "लावून बघा," म्हणाले.

बाईंनी किल्ली आत घातली. आणि कुणीही सांगितलं नसताना, आमचे हे जिन्यातल्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.