हातात दिलेली मान

सकाळी सहा पन्नास. दुकानाचं शटर अर्ध्यावर आहे आणि नगरसेवक झालेला न्हावी वस्तऱ्यात नवं पातं बसवतो आहे. खुर्चीत पक्षाचे शहराध्यक्ष आहेत. वीस वर्षं त्यांची दाढी इथेच होते. दुकान उघडण्याआधीची पहिली खुर्ची त्यांची. ड्रायव्हर दारात उभा.

"अकराला प्रस्ताव येईल. हात वर करायचा," साहेब म्हणाले. "जुनी इमारत पाडायची, तिथे बाजार होईल. एवढंच."

जुनी इमारत म्हणजे वॉर्डातलं प्रसूतिगृह. न्हावी राजकारणात आला तो तिच्यामुळेच. त्याच्या बायकोला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा तिथे कुलूप होतं. रात्रपाळीला नर्सच नव्हती. मुलगी रिक्षात जन्मली. गडबडीत रिक्षावाला मीटर बंद करायला विसरला, म्हणून घरात तिला अजून 'मीटर' म्हणतात. त्यानंतर त्याच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकानं दाढीसोबत ही हकिगत ऐकली. पुढे तो निवडून आला आणि प्रसूतिगृह रात्रीही उघडं राहू लागलं. बाकी सांगण्यासारखं फारसं नाही. गटारं तुंबतात, पाणी कमी दाबानं येतं. हे तो स्वतःच सांगतो.

"तिकीट कुणी दिलं तुला?"

"तुम्ही."

"आणि हा गाळा कुणाचा?"

"तुमच्या मेव्हण्यांचा."

"लक्षात आहे ना? मग झालं."

त्यानं ब्रश फिरवून फेस केला, साहेबांची मान टेकूवर मागे घेतली आणि वस्तरा जबड्याखाली टेकवला.

"आता बोलू नका, साहेब."

पातं गळ्याशी असताना गिऱ्हाइकानं बोलायचं नाही, हा दुकानाचा नियम. नगरसेवकही अशा वेळी गप्प असतो. आज तो बोलला.

"आमच्या धंद्यात माणूस डोळे मिटतो आणि मान हातात देतो. ओळख नसली तरी देतो. लोकांनी मतं दिली तेव्हा मला तसंच वाटलं होतं."

ड्रायव्हर एक पाऊल आत आला. साहेबांनी हाताच्या इशाऱ्यानं त्याला थांबवलं. मान हलवणं शक्य नव्हतं.

"वस्तऱ्यानं आजवर कुणाचा गळा कापला नाही. आता केसानं कापू?"

साहेबांनी आवंढा गिळला. वस्तरा थांबला, गळा स्थिर होईपर्यंत तसाच राहिला, मग हनुवटीकडे सरकला. कुठेही रक्त आलं नाही.

तुरटी लावून झाल्यावर साहेबांनी आरशात गाल चाचपले. "हात चांगला आहे तुझा. तोच हात सांभाळून वर कर. नाहीतर आम्हालाही बिनपाण्यानं करता येते."

गाडी गेली. मागच्या खोलीतून बायको चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"गाळा गेला तर कुठे बसणार आहात?"

"झाडाखाली. एक खुर्ची, एक आरसा."

"आणि पाऊस आला तर?"

"फेसाला पाणी आणायला नको."

ती हसली नाही. "मीटरला काय सांगू?"

"बाबा सभेला गेलेत म्हणून सांग."

सभागृहात 'बाजूने' असा पुकारा झाला तेव्हा त्याच्या बाकावरचे सगळे हात वर गेले. आपला हात सवयीनं उठेल, याची त्याला भीती होती. त्यानं दोन्ही तळवे मांडीखाली दाबून ठेवले. शेजारच्यानं कोपर मारलं. "अरे, झोपलास का?" 'विरोधात' म्हटल्यावर त्यानं उजवा हात वर केला. वीस वर्षं वस्तरा धरलेला तो हात मतं मोजून होईपर्यंत त्यानं खाली घेतला नाही.

प्रस्ताव एका मतानं पडला. तो पुन्हा मांडता येतो, आणि मांडला जाईल. दुपारी पक्षानं त्याला काढल्याचं जाहीर केलं. संध्याकाळी मेव्हण्यांचा फोन आला: महिनाअखेर गाळा रिकामा हवा. तो "बरं" म्हणाला आणि वस्तरे उकळत्या पाण्यात टाकले.

उद्याही शटर सहा पन्नासला वर जाईल. पहिल्या खुर्चीचा नंबर आता प्रसूतिगृहाच्या वॉचमनचा आहे. त्याची रात्रपाळी साडेसहाला सुटते.