दोन नाड्यांचा माणूस

रिपोर्ट माझ्या टेबलावर होता आणि ज्याचा रिपोर्ट, तो माणूस समोरच्या खुर्चीत. दोघांचं एकमेकांशी काही जुळत नव्हतं.

रिपोर्टात नाडी मिनिटाला चोपन्न. मी आत्ता मनगट धरून मोजली तर नव्वदच्या आसपास. पुन्हा मोजली. तेवढीच.

"काका, एम. पी. नगरच्या सेंटरमध्ये टेस्ट तुम्हीच केलीत ना?"

मनोहर आठल्ये नुसते बघत राहिले. उत्तर आलं त्यांच्या शेजारून, त्यांच्या पत्नी शैलाकाकूंकडून. "म्हणजे? दुसरं कोण करणार?"

माझा प्रश्न वाटतो तितका विचित्र नव्हता. मी फिजिशियन आहे. भोपाळच्या अवधपुरीत माझं क्लिनिक आहे, आणि फिटनेस सर्टिफिकेट मागायला येणाऱ्यांकडे मी जरा डोळे बारीक करूनच बघते. नोकरीच्या मेडिकलला स्वतःऐवजी धाकट्या भावाला पाठवणारा माणूस मी पाहिला आहे. डोळ्यांचा तक्ता पाठ करून आलेला ड्रायव्हरही पाहिला आहे.

काकांना सर्टिफिकेट हवं होतं ते मात्र नोकरीसाठी नाही. ते कारखान्याच्या टूल रूममधून निवृत्त झालेले. केसाहून बारीक फरक मोजण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला आणि पक्ष्यांच्या मागे लागले. आता त्यांच्या पक्षीप्रेमी मंडळातले आठजण गॅलापागोसला निघाले होते, काकूही बरोबर. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, भर प्रशांत महासागरात ज्वालामुखींनी तयार केलेली ही बेटं. तिथले प्राणी-पक्षी माणसाला बिचकत नाहीत. जहाज छोटं, सोळा प्रवाशांचं. रात्री ते एका बेटाकडून दुसऱ्याकडे जातं आणि सकाळी रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरवतं. कुठे गुडघाभर पाण्यात उडी मारायची, कुठे काळ्या, ओल्या लाव्हाच्या खडकावर पाय टाकायचा. हॉस्पिटल म्हणाल तर समुद्रापलीकडे. म्हणून वयस्कर प्रवाशांकडून जहाज कंपनी डॉक्टरची सही मागत होती; काकूंचं सर्टिफिकेट आधीच झालं होतं.

मी आधी काकांना तपासलं तेव्हाच दोन गोष्टी खटकल्या होत्या. जिना चढल्यावर त्यांना धाप लागत होती आणि रात्री खोकला येत होता. काकू म्हणाल्या, "थंडीचं आहे हो. भोपाळची थंडी आता सोसत नाही." स्टेथोस्कोपमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे? बीपी, शुगर, आयुर्वेदिक, काहीही?" काकू म्हणाल्या, "एकही गोळी नाही." काका गप्प. खरं तर माझ्या प्रत्येकच प्रश्नाला काकू उत्तर देत होत्या आणि काका गप्प होते. माझ्या क्लिनिकचा फॉर्मही काकूंनीच भरला होता. हेही मला आवडलं नव्हतं.

म्हणून टीएमटी करायला सांगितली. टीएमटी म्हणजे पट्ट्यावर चालायला लावून हृदयाचा आलेख काढणं. चालणं वाढतं तसे ठोके वाढायला हवेत. काका दमून थांबले तरी त्यांचे ठोके शंभराच्या आतच होते. खेळाडूची नाडीही बसल्या जागी संथ असते, पण पळायला लागला की ती झरझर चढते. ही चढतच नव्हती. अशी नाडी एक तर आजारी हृदयाची असते, नाहीतर गोळीनं दाबलेली.

आणि आज, रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी आलेल्या त्याच माणसाची नाडी नव्वद.

त्यात आदल्या दिवशी सोनींचा फोन आला होता. एम. पी. नगरमधल्या ज्या ट्रॅव्हल ऑफिसनं ही सहल ठरवली, ते यांचं; अधूनमधून प्रवासी माझ्याकडे पाठवणारेही हेच.

"मॅडम, वो टीएमटी का कागज़ अटैच मत कीजिए. बस 'फिट' लिखकर साइन कर दीजिए. बाकी सबके डॉक्टरों ने कर दिया."

"टीएमटी के बारे में आपको किसने बताया?"

"अरे मॅडम, ग्रुप में बात हो जाती है."

रिपोर्ट माझ्याकडे येण्याआधी या माणसाला कसा कळला? माझ्या डोक्यात सरळ हिशेब तयार झाला. सोनीनं काकांच्या जागी कुणाला तरी चालायला पाठवलं, तो नेमका मरतुकडा निघाला आणि आता कागद दाबायची घाई आहे.

मी काकाकाकूंच्या देखतच सेंटरला फोन लावला. तिथला टेक्निशियन माझ्या ओळखीचा.

"आठल्ये नाम के पेशेंट याद हैं? कैसे दिखते थे?"

"हाँ मॅडम, लंबे से, कान में मशीन. पूरे टाइम चिड़ियों की बात करते रहे. आंटी भी साथ थीं."

काकांच्या डाव्या कानात श्रवणयंत्र होतं. माणूस तोच. माझा हिशेब कोसळला आणि त्याच्या जागी जास्त वाईट शंका आली. माणूस एक, नाड्या दोन. म्हणजे टेस्टच्या दिवशी पोटात काहीतरी होतं, आज नाही. आणि ते कुणीतरी लपवत होतं. कोण? गप्प बसणारा की बोलणारी? बायकोनं न सांगता औषध चारण्याचे प्रकारही मी पाहिले आहेत.

"काकू, रक्त देऊन झालंय. तुम्ही बाहेर बसून काकांसाठी चहा मागवता का?"

त्यांना जायचं नव्हतं. दारात दोनदा मागे वळून बघत गेल्या.

आता मी काकांकडे नीट बघितलं. हात जॅकेटच्या खिशात. मघाशी मनगट दिलं तेही टेबलावर घट्ट दाबून. मी कागद आणि पेन पुढे सरकवलं. "एक गोल काढा. आतून बाहेर, जिलबीसारखा."

"चष्मा नाही आणला."

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. मी तिकडे बघितलं, त्यांनीही बघितलं. मग हात बाहेर काढला आणि पेन उचललं. पेन कागदाला लागण्याआधीच थरथरायला लागलं. जिलबीला करवतीचे दात आले होते.

"कुठली गोळी घेता?"

त्यांनी कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "इंदूरच्या डॉक्टरनं दिली. पुतण्याकडे गेलो होतो तेव्हा. घेतली की हात थांबतो. काल तुम्ही म्हणालात पाण्याशिवाय काही नको, म्हणून रात्रीपासून घेतली नाही."

"काकूंना माहीत नाही?"

"नाही. तिला कळलं तर एका दिवसात सगळं रद्द करेल. आणि डॉक्टर, माझा हात..." ते थांबले. "टूल रूममध्ये नवी पोरं माझा हात बघायला उभी राहायची. माझ्या मोठ्या भावालाही असंच सुरू झालं होतं. कंपवात. शेवटी त्याला भरवायला लागायचं. मला तेच आहे ना?"

मी हात मांडीवर सैल सोडायला सांगितले. थरथर थांबली. पुढे धरायला सांगितले, सुरू झाली. कंपवातात साधारण उलटं असतं, हात स्वस्थ असताना हलतो. त्यांची चाल बघितली, मनगटं फिरवून बघितली. "हा कंपवात नाही," मी म्हटलं. नंतर न्यूरॉलॉजिस्टनंही तेच सांगितलं. काम करताना हात कापण्याचा हा वेगळा त्रास आहे. घराण्यात येतो, त्रास देतो, पण भावाच्या वाटेनं नेत नाही.

काकांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. बराच वेळ.

त्यांची गोळी त्या हातासाठी बरोबर होती. हृदयाचे ठोके कमी करणारी हीच गोळी कापरा हातही थांबवते. पण तिचा एक स्वभाव वाईट आहे, दमेकऱ्याच्या श्वासनळ्या ती आवळते.

"लहानपणी दमा होता?"

"होता. पण भोपाळला आल्यावर गेला. ते आता कशाला सांगायचं?"

इंदूरच्या डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. खोकला, धाप, शिट्टी, सगळं तिथून आलं होतं. ही गोळी घेऊन ते थंड समुद्रात पोहायला उतरले असते, किंवा ज्वालामुखीच्या तोंडाशी गंधकाच्या वाफेत उभे राहिले असते, तर दम्याचा झटका आला असता, आणि हॉस्पिटल समुद्रापलीकडे.

आता काकांना बाहेर पाठवलं आणि काकूंना आत घेतलं. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. "हार्टचं आहे ना? मला खरं सांगा. त्यांना सांगू नका."

"हार्टचं नाही. काकू, त्यांचा हात कापतो हे तुम्हाला..."

"माहीत आहे की! दीड-दोन वर्षं झाली. त्यांना अर्धाच कप चहा मी उगाच देते का? फॉर्म मी भरते, बँकेत मी जाते. सगळ्यांसमोर त्यांना लिहावं लागू नये म्हणून." मग एकदम आवाज बदलला. "पण मला माहीत आहे हे त्यांना सांगू नका हं. फार लागेल त्यांना."

मी दार उघडून काकांना आत बोलावलं आणि म्हटलं, "आता हे तुम्ही दोघं एकमेकांना सांगा. मी पुढचा पेशंट बघून येते."

मी परत आले तेव्हा काका भरलेल्या कपातून चहा पीत होते. निम्मा बशीत सांडला होता. कुणीच पुसत नव्हतं.

ती गोळी बेताबेतानं बंद केली, दम्याला इन्हेलर दिला, हाताला दुसरं औषध. शिट्टी गेली. पुन्हा टीएमटी केली, ठोके हवे तिथे चढले, आलेख स्वच्छ. मग मी जहाज कंपनीचा फॉर्म भरला आणि दमाही लिहिला, हातही लिहिला.

सोनी स्वतः क्लिनिकमध्ये आले. "मॅडम, अस्थमा मत लिखिए. केबिन कैंसल हो जाएगा. आपके ऊपर आएगी बात."

"आनी भी चाहिए. साइन मेरी है."

टीएमटीची बातमी त्यांना कुठून मिळाली तेही तेव्हा कळलं. टेस्टमध्ये दमून थांबावं लागलं म्हणून काकांनीच घाबरून त्यांना फोन केला होता.

जहाज कंपनीकडून उत्तर यायला वेळ लागला. त्या दिवसांत काका माझ्याशी जेमतेम बोलले. इन्हेलर दाखवायला आले तरी नजर भिंतीकडे. मग उत्तर आलं. परवानगी होती, दोन अटींवर. काकांनी समुद्रात पोहायचं नाही आणि गंधकाच्या वाफांजवळ जायचं नाही.

परतल्यावर दोघं लॅपटॉप घेऊन आले. समुद्रात पोहणारे इग्वाना सरडे, निळ्या पायांचे पक्षी, खडकावर लोळणारे सी-लायन. बरेच फोटो हललेले होते. काका तेही दाखवत होते, न लपवता.

"ज्वालामुखीच्या वाटेवर गाइडनं यांना अर्ध्यावरच थांबवलं," काकू म्हणाल्या. "चिडले होते. पण वारा फिरला आणि पुढे गेलेले सगळे खोकत परत आले. तेव्हा गप्प बसले."

"ते सोडा," काका म्हणाले. "बोटीतून उतरताना खलाशी आपलं मनगट धरतो आणि आपण त्याचं. मी पहिल्या दिवशी हात पुढेच केला नाही. त्यानं वाट बघितली. मग केला. कापत होता. त्यानं नुसता घट्ट धरला आणि मला खडकावर उतरवलं. त्याला काही वाटलंच नाही."

पुढच्या वर्षी मंडळ कुठे जाणार ते अजून ठरलेलं नाही. सोनी आता माझ्याकडे पेशंट पाठवत नाहीत.

मी मात्र एक नियम केला आहे. नवरा-बायको जोडीनं आले की आधी एकाला बाहेर बसवते. बाहेर बसणारं माणूस चिडतं. आत बसलेलं बोलतं.